निफ जनुकांचा प्रमोटर: जिथं बघावं तिथं सापडायलाय!

निपाणीची_पोरगी
बेळगावात एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतेय. प्रोजेक्टला आमच्याच रानातल्या सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतून काढलेला ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू आहे. जिनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचून हातात आलाय. नायट्रोजन स्थिरीकरणाच्या, म्हणजे निफ जनुकांचे नियंत्रक भाग (प्रमोटर) शोधायचेत. सिग्मा-५४ हे प्रथिन प्रमोटर ओळखून जनुक वाचायला सुरुवात करून देतं; त्याची खूण म्हणून डीएनएत जीजी, मध्ये कुठलीही दहा अक्षरं, मग जीसी असं सर्च मारलं तर ढिगानं आलेत. खरा कुठला धरायचा?

टिळकवाडी_लॅब
येणारच की! या जिवाणूच्या डीएनएत जी-सी ६४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जी आणि सी प्रत्येकी ३२ टक्के. चार ठरलेली अक्षरं, ०.३२ चा चौथा घात काढ: दर शंभरेक अक्षरांत एक नुसता योगायोगानंच पडतो. गणपत गल्लीत पांढरी टोपी दिसली की मामा म्हणून हाक मारल्यासारखं व्हायलंय तुझं.

पूर्ण खूण घे: टीजीजीसीएसीजी, चार कुठलीही, मग टीटीजीसी. तीही तंतोतंत जुळवू नको, एखाददुसरं अक्षर इकडंतिकडं असतंच. कुठल्या जागी कुठलं अक्षर किती वेळा येतं त्याचा तक्ता (मॅट्रिक्स) लावून गुण दे. मग तिथून साधारण ८० ते १५० अक्षरं वर, म्हणजे जनुकाच्या उलट बाजूला, निफ जनुकं चालू करणाऱ्या निफ-ए प्रथिनाची बसायची जागा बघ: टीजीटी, दहा अक्षरं, एसीए. ही एकटी सापडली तर काही खरं नाही, अख्ख्या जिनोममध्ये हजाराच्या घरात निघतील. दोन्ही जोडीनं, आणि पुढं जनुक सुरू होतंय, तरच यादीत घाल.

आणि क्लेबसिएला या दुसऱ्या नायट्रोजन स्थिरावणाऱ्या जिवाणूचा नकाशा डोळ्यांपुढं ठेवून बसू नको. तिथं निफ-एच, डी, के ही जनुकं एकाच ओळीत, एका प्रमोटरवर चालतात. ब्रॅडीरायझोबियममध्ये निफ-एच वेगळीकडं, डी-के वेगळीकडं. म्हणजे प्रमोटर दोन.

निपाणीची_पोरगी
दादा, निफ-एचच्या वर जोडी मिळाली! आता लॅकझेड (प्रमोटर चालला की रंग देणारं जनुक) जोडून बघू? मित्र म्हणतोय त्याच्या बॅसिलस जिवाणूलाही हीच खूण चालेल.

टिळकवाडी_लॅब
बॅसिलसचं सोड, तिथं नायट्रोजनचा कारभार टीएनआरए हे वेगळंच प्रथिन बघतं, खूणच निराळी.

लॅकझेड जोड, पण फ्लास्क शेकरवर मोकळ्या हवेत ठेवशील तर रंग येणार नाही. ब्रॅडीरायझोबियमचा निफ-ए ऑक्सिजननं निकामी होतो. ऑक्सिजन अगदी कमी ठेवून वाढव. सोबत खुणेतलं जीसी बदललेला एक नमुना ठेव. मूळ तुकडा चालला आणि हा बंद पडला, तर गाईडसमोर बिनधास्त जा.

खानापूर_शिवार
पोरी, एवढं शोधलंस तर हेही बघ: युरिया टाकलेल्या वाफ्यात गाठी कमी का धरतात? आम्ही गुळाच्या पाण्यात कालवून जिवाणूंचं पाकीट बियाण्याला चोळतो, ते वाया जातं.

निपाणीची_पोरगी
काका, जमिनीतच नत्र मिळालं की झाडच गाठी आवरतं घेतं. पाकीट चोळलंय तिथं युरियाचा हात आखडा.