टोकियो, १० मार्च १९४५: शहर जाळणं ही युद्धाची गरज होती का?

चिंचोका

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. ९ मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकेनं टोकियोवर केलेला हल्ला कारखान्यांवर नव्हता, राहत्या वस्तीवर होता. वस्ती जळाली ती चुकून नव्हे, ती जाळायचीच होती. याला युद्धगुन्हा म्हणताना आपली जीभ अडखळते ती केवळ तो जिंकणाऱ्यांनी केला म्हणून. हिरोशिमावर दर ऑगस्टमध्ये लेख येतात, टोकियोबद्दल मराठीत अवाक्षर सापडत नाही.

ज्यांना तपशील ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ग्वाम, सायपान, तिनियन या बेटांवरून तीनशेच्या वर बी-२९ विमानं निघाली आणि त्यातल्या २७९ विमानांनी टोकियोवर बॉम्ब टाकले. एरवी ती पंचवीस-तीस हजार फुटांवरून यायची, त्या रात्री पाच ते नऊ हजारांवर होती. वजन वाचवण्यासाठी विमानांवरच्या बहुतेक तोफांचा दारूगोळा उतरवून ठेवला आणि त्या जागी आगीचे बॉम्ब भरले. एकूण १,६६५ टन. नेपामची नळकांडी, एका जुडग्यात ३८. जुडगा हवेत सुटायचा, नळकांडी छपरं फोडून घरात शिरायची आणि पेटलेली चिकट जेली चहूकडे फेकायची. खाली सुमिदा नदीच्या दोन्ही काठांवरच्या आसाकुसा, होंजो, फुकागावा या कामकऱ्यांच्या वस्त्या होत्या. लाकडी घरं, कागदी सरकती दारं, बोळ, त्यात सोसाट्याचा वारा. सकाळपर्यंत ४१ चौरस किलोमीटर शहर गेलं. पोलिसांच्या हिशेबात मेलेले ८३,७९३. प्रत्यक्षातला आकडा लाखाच्या आसपास धरतात. बेघर दहा लाखांच्या वर. अमेरिकेची विमानं पडली १४.

आता ‘लक्ष्य उद्योग होते’ म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं. १९४३ मध्ये युटाच्या वाळवंटात, डगवे इथं, अमेरिकन सैन्यानं जपानी चाळीवजा घरं बांधली. जपानमध्ये कित्येक वर्षं काम केलेला अँटोनिन रेमंड हा वास्तुविशारद त्यासाठी घेतला. घरांत तातामी चटया घातल्या, सामान मांडलं आणि कुठल्या बॉम्बनं घर पटकन पेटतं ते पुन्हा पुन्हा जाळून पाहिलं. लेथ मशीन मोडायचं असेल तर चटया कशाला लागतात?

तोफखाना

धागा चांगला आहे, पण गोष्ट मधूनच सुरू केलीत. १९३७ मध्ये जपानी विमानांनी चिनी शहरांवर बॉम्ब टाकले म्हणून राष्ट्रसंघानं निषेधाचा ठराव केला होता. १९३८ पासून पुढची पाच वर्षं चोंगचिंगवर जपानी विमानं येत होती, आणि तिथंही आगीचे बॉम्बच होते. १९४१ च्या जूनमध्ये तिथल्या एका बोगद्यात आसऱ्याला गेलेली माणसं गुदमरून आणि चेंगरून मेली. टोकियो जळत होतं त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये मनिलात काय चाललं होतं तेही बघा. तिथंही लाखभर नागरिक मेले, आणि त्यातल्या कितीतरी जणांना जपानी सैनिकांनी घरात घुसून मारलं.

राहिला नेमक्या बॉम्बफेकीचा प्रश्न. ती करून झाली होती. हा हल्ला करवणारा जनरल लेमे, त्याच्या आधी या विमानांचा प्रमुख हॅन्सल होता, त्याचा भर कारखान्यांवरच होता. नोव्हेंबर १९४४ पासून मुसाशिनोच्या नाकाजिमा विमान-इंजिन कारखान्यावर पुन्हा पुन्हा विमानं पाठवली. ढग आडवे येत, आणि वर जेट प्रवाहाचा वारा इतका की बॉम्ब कुठं जाईल याचा नेम नाही. कारखाना जवळपास शाबूत राहिला. जानेवारीत हॅन्सलला काढलं आणि लेमेला आणलं. आणि हो, त्या लाकडी घरांत खरोखरच सुटे भाग बनत. पुढं घर, मागं खोलीत यंत्र, माल मोठ्या कारखान्याला. वस्ती कुठं संपते नि कारखाना कुठं सुरू होतो याची रेघ तुम्ही वरून कशी मारणार होतात?

सांजवात

घरामागं यंत्र होतं म्हणून घरातली आजी लक्ष्य ठरते का? पोटापाण्याला सुटे भाग घासणारा माणूस सैनिक असेल, तर पुण्या-मुंबईतल्या निम्म्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी उद्यापासून हेल्मेट घालून बसावं.

तोफखाना

हसायला बरं आहे. पण चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियात युद्धाच्या प्रत्येक महिन्यात माणसं मरत होती. १९४४-४५ च्या दुष्काळात एकट्या उत्तर व्हिएतनाममध्ये लाखो गेले. त्यांचा कुणी धागा काढत नाही. नेताजींमुळे जपानबद्दल आपल्याकडे एक जिव्हाळा आहे, तो मला समजतो. पण अंदमानात जपान्यांनी आपल्याच लोकांना काय दाखवलं? ३० जानेवारी १९४४ ला होम्फ्रेगंजला ४४ जणांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. जपानी बॉम्ब आपल्यावरही पडलेत. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाडा, डिसेंबरात कलकत्ता. कलकत्त्यातून माणसं मिळेल त्या गाडीनं पळाली.

निशिकसाईकर

मी एदोगावा वॉर्डात राहतो. आमच्या निशिकसाईत मराठी इतकं कानावर पडतं की नवीन आलेल्याला चुकीच्या विमानात बसलो की काय असं वाटावं. इथून जवळच, कोतो वॉर्डात कितासुनाला, या हल्ल्याचं छोटं संग्रहालय आहे. २००२ मध्ये लोकांच्या देणग्यांतून उभं राहिलं, सरकारी नाही. तिथं आणि इथल्या म्हाताऱ्यांच्या आठवणींत जे समजतं ते वरच्या वादात आलंच नाही, म्हणून लिहितोय.

रात्री साडेदहाला इशाऱ्याचा भोंगा झाला. विमानं परत वळल्यासारखी वाटली, लोकांनी अंथरुणाला पाठ टेकली. पहिले बॉम्ब १२ वाजून ८ मिनिटांनी पडले आणि हल्ल्याचा भोंगा झाला सव्वाबाराला, म्हणजे आग लागल्यावर. बरं, पळायचं तर कायद्याची भीती. १९३७ चा हवाई संरक्षण कायदा होता, तो १९४१ मध्ये कडक केला: शहर सोडून जायला बंदी घालता येईल, आग लागली तर विझवायला थांबलंच पाहिजे, नाहीतर शिक्षा. प्रत्येक गल्लीत शेजार-मंडळ, त्याच्या कवायती ठरलेल्या. बादल्यांची रांग, ओल्या फडक्याचा झाडू, वाळू. नेपामवर बादलीभर पाणी! डोक्याला कापूस भरलेली टोपडी घालायची सक्ती, म्हणजे ठिणग्यांपासून बचाव व्हावा. त्याच टोपड्यांनी पेट घेतला. पोरं पाठीला बांधून पळणाऱ्या आयांना मागं काय पेटलंय ते दिसत नव्हतं.

कोतोतोई पुलावर जास्तच झालं. आसाकुसाकडचे लोक पलीकडं सुरक्षित असेल म्हणून पुलावर चढले, पलीकडचे तेच समजून इकडं निघाले. मध्ये दोन्ही गर्दी अडकल्या आणि आग पुलावरून आडवी गेली. खाली उडी मारलेले थंड पाण्यात गेले.

अजून एक. शहरातल्या तिसरी ते सहावीच्या मुलांना १९४४ मध्ये खेड्यांत हलवलं होतं. सहावीची मुलं प्राथमिक शाळेच्या निरोप समारंभासाठी मार्चच्या सुरुवातीला परत आणली गेली. पुढचं सांगत नाही.

तोफखाना

मग मी दुसरं काय म्हणतोय? ज्या सरकारला आपली माणसं गल्लीत कोंडून ठेवता येतात, फडक्यांनी नेपाम विझवायला लावता येतं, त्याच सरकारला शरणागतीही पत्करता आली असती. १८ मार्चला सम्राट स्वतः जळालेला भाग बघून गेला. त्यानंतरही पाच महिने युद्ध चालू ठेवलं. दोष कुणाचा?

चिंचोका

घरमालकानं बाहेरून कडी लावली म्हणून आग लावणारा सुटत नाही. दोघांवर दोन खटले चालतात. जपानी सरकारवरचा माझ्या बाजूनं मान्य, हवा तेवढा चालवा. तुम्ही मात्र एकाची शिक्षा दुसऱ्याच्या खात्यातून वजा करताय.

आणि ‘सरकार ऐकत नव्हतं’ हे तर माझ्याच बाजूचं आहे. लाख माणसं जाळूनही जे ऐकलं नाही, ते जाळल्यानं ऐकेल हा हिशेबच मुळात चुकला.

बारा_गावचा

कायद्याच्या बाजूनं थोडं, कारण ‘युद्धगुन्हा’ शब्द इथं फार सैल वापरला जातोय. त्या वेळी हवाई हल्ल्यांचा स्वतंत्र, लागू असलेला करारच नव्हता. १९२३ ला हेगमध्ये नियमांचा मसुदा झाला, त्यात नागरी वस्तीला घाबरवण्यासाठी बॉम्बफेक नको असं होतं, पण कुणी तो स्वीकारला नाही. शहराचा अख्खा पट्टा एकच लक्ष्य धरून झोडपणं बेकायदा, असं स्पष्ट लिहिलं गेलं ते १९७७ मध्ये, जीनिव्हा करारांच्या पुरवणीत, कलम ५१. युद्धानंतरच्या न्यूरेंबर्ग आणि टोकियो, दोन्ही खटल्यांत शहरांवरच्या बॉम्बफेकीवरून खरं म्हणजे कुणालाच दोषी ठरवलं नाही, कारण तो धागा ओढला असता तर न्यायाधीशांच्या खुर्चीपर्यंत आला असता. टोकियोच्या खटल्यात भारताचे न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी वेगळं निकालपत्र लिहिलं, त्यात अणुबॉम्बकडं बोट दाखवलंच आहे.

तेव्हा कायद्यानं गुन्हा म्हणणं अवघड. पण ‘त्या काळी कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं’ असं कुणी म्हणेल तर ते खोटं. १ सप्टेंबर १९३९ ला रूझवेल्टनंच लढणाऱ्या देशांना आवाहन केलं होतं की उघड्या शहरांवर, नागरिकांवर बॉम्ब टाकू नका. साडेपाच वर्षांत त्याच्याच विमानदळानं टोकियो जाळलं.

चिंचोका

बारा_गावचा यांना धन्यवाद. यात एक भर. मार्च १९४५ मध्ये लेमेच्या हाताखाली आकडेमोड करणारा अधिकारी म्हणजे पुढं अमेरिकेचा संरक्षणमंत्री झालेला मॅकनमारा. त्यानं म्हातारपणी कॅमेऱ्यासमोर सांगितलं की लेमे म्हणायचा, आपण हरलो असतो तर आपल्यावर युद्धगुन्हेगार म्हणून खटले चालले असते. करणाऱ्यालाच कळत होतं, आपण इथं त्याची वकिली का करायची? याच लेमेला १९६४ मध्ये जपान सरकारनं, होय जपान सरकारनंच, ‘उगवता सूर्य’ हा मानाचा किताब दिला. हवाई दल उभारायला मदत केली म्हणे.

आडवा_प्रश्न

गुन्हा की नाही ते बाजूला ठेवू. उपयोग झाला का? १० मार्चनंतर दहा दिवसांत नागोया, ओसाका, कोबे आणि पुन्हा नागोया झालं. मग आगीच्या बॉम्बचा साठा संपला म्हणून थोडं थांबले. ऑगस्टपर्यंत साठच्या वर शहरं. शरणागती आली ती दोन अणुबॉम्ब आणि रशिया युद्धात उतरल्यावर. लंडन मोडलं नाही, चोंगचिंग मोडलं नाही, बर्लिन मोडलं ते जमिनीवरून सैन्य आत शिरल्यावर. ‘शहर जाळलं की लोक सरकारला खाली खेचतात’ हे सगळ्या हवाई दलांचं आवडतं गृहीतक आहे. घर जळालेला माणूस आधी पाणी शोधतो, भाऊबंद शोधतो. त्याला सरकार उलथवायला वेळ कुठून?

त्यात पाणबुड्यांनी जपानची जहाजं बुडवून तेल, कोळसा, धान्य तोडत आणलंच होतं. मार्चअखेरीपासून विमानांतून बंदरांत सुरुंगही टाकले. ती नाकेबंदी पुरली असती.

तोफखाना

‘पुरली असती’ म्हणजे काय, हे एकदा मोठ्यानं वाचा. नाकेबंदी पुरते ती भुकेनं. भुकेनं आधी कोण मरतं? सैनिक नाही, त्याला शिधा पहिला मिळतो. तान्ही पोरं आणि म्हातारे आधी जातात. म्हणजे वर्षभरात हळूहळू दहा शहरांतली पोरं मेली तर तो ‘मार्ग’, आणि एका रात्रीत एका शहरातली मेली तर तो ‘गुन्हा’? मला दोन्ही भयंकर वाटतात. पण तुमचा पर्याय स्वच्छ असल्याचा आव आणू नका.

मनोधैर्याबद्दल सहमत, ते मोडत नाही. उत्पादन मात्र मोडतं. कामगार गावाकडं पळाले, कारखान्यांत यंत्रं होती आणि माणसं नव्हती.

आडवा_प्रश्न

नाकेबंदीचा मुद्दा लागला. त्याला माझ्याकडं झटक्यात देण्यासारखं उत्तर नाही. फक्त एवढंच की नाकेबंदी उठवता येते, वाटाघाटीला रोजची संधी राहते. जळालेली माणसं परत आणता येत नाहीत.

निशिकसाईकर

वाद रंगलाय, पण ज्यांचं जळालं त्यांचं काय झालं ते सांगून मी थांबतो. सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना जपान सरकार १९५० च्या दशकापासून पेन्शन देतंय. घरं नि आईबाप गमावलेल्या नागरिकांना काहीच नाही. युद्धातलं नुकसान सगळ्यांनी सारखंच सोसायचं असतं, हे उत्तर. २००७ मध्ये टोकियोतल्या शंभराहून जास्त लोकांनी सरकारवर दावा लावला, बरेचसे त्या रात्री अनाथ झालेली पोरं, तेव्हा सत्तरीच्या आसपासची. २०१३ ला सर्वोच्च न्यायालयापर्यंत हरले.

योकोआमिचो बागेत स्मारक आहे, तेही मुळात १९२३ च्या भूकंपात जळून मेलेल्यांचं. याच वस्त्या तेव्हाही जळाल्या होत्या. १९४५ च्या लोकांच्या अस्थी नंतर त्यातच ठेवल्या. स्वतंत्र सरकारी संग्रहालयाची योजना होती, ती वादात बारगळली. आणि वाद कशावरून? टोकियोच्या हल्ल्यासोबत जपाननं चीनमध्ये काय केलं तेही मांडायचं का, यावरून. म्हणजे आपला हाच धागा, तिकडं विधानसभेत.

तोफखाना, तुमच्यासाठी: चोंगचिंगच्या लोकांनीही २००६ मध्ये टोकियोच्याच न्यायालयात दावा लावला होता. २०१५ ला तोही फेटाळला.

तोफखाना

हे माहीत नव्हतं. दोघांनाही एकाच शहरातल्या न्यायालयानं हात हलवत परत पाठवलं तर. माझं मत तेच आहे, पण चिंचोका यांनी आता चोंगचिंगवर धागा काढावा. पहिला प्रतिसाद माझा.

चिंचोका

काढतो. मात्र तिथं कुणी ‘आणि टोकियोचं काय?’ म्हणत आलं, तर त्याला आवरायचं काम तुमचं.