इरिना रोदनिना : जोडीदार बदलूनही विजयाची मालिका कशी टिकली?

बर्फरेषा
जोडी स्केटिंगच्या जुन्या स्पर्धांच्या चित्रफिती पाहताना सोव्हिएत संघाच्या इरिना रोदनिना यांचे नाव सतत समोर येते. १९६९ ते १९७८ अशी सलग १० विश्वविजेतेपदे त्यांनी मिळवली. त्यांपैकी पहिली ४ अलेक्सेई उलानोव यांच्याबरोबर आणि पुढची ६ अलेक्झांडर झैत्सेव यांच्याबरोबर. सहकाऱ्याचा हात क्षणभर चुकला तरी डोक्यावर उचललेली खेळाडू थेट बर्फावर आदळते, अशा या खेळात माणूस बदलूनही विजयात खंड कसा पडला नाही, आणि निवृत्तीनंतर त्यांनी काय केले, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तरायण
माझ्या मते याचे मोठे श्रेय प्रशिक्षक स्तानिस्लाव झुक यांच्या पद्धतीला जाते. रोदनिना यांच्या आधी ल्युडमिला बेलोउसोवा आणि ओलेग प्रोतोपोपोव या दांपत्याच्या संथ, लयबद्ध शैलीचे राज्य होते. झुक यांनी त्याउलट वेग, उड्या आणि अवघड घटकांची सलग मालिका यांवर भर दिला, आणि १९६९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे रोदनिना–उलानोव यांनी त्या दांपत्याला मागे टाकले. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवूनही ही जोडी टिकणार नव्हती, कारण उलानोव यांनी ल्युडमिला स्मिर्नोवा यांच्याशी विवाह करून त्यांच्याच बरोबर खेळायचे ठरवले होते. त्याच वर्षी कॅल्गरीतील जागतिक स्पर्धेपूर्वी सरावात लिफ्टमधून, म्हणजे सहकाऱ्याने डोक्यावर उचललेले असताना, पडून रोदनिना यांच्या डोक्याला मार लागला, त्यांना रुग्णालयात न्यावे लागले, आणि तरीही त्या बर्फावर उतरून जिंकल्या. मग लेनिनग्राडचे तरुण झैत्सेव यांना झुक यांनी निवडले व त्यांच्याकडून सारे घटक नव्याने घोटून घेतले. रोदनिना यांची गती आणि पद्धत पक्की होती. नव्या सहकाऱ्याला तिच्याशी जुळवून घ्यायचे होते.

चंद्रभागा
उत्तरायण यांचे म्हणणे बरेचसे पटते, पण त्यात झैत्सेव यांच्यावर थोडा अन्याय होतो. १९७३ च्या ब्रातिस्लावा येथील जागतिक स्पर्धेत त्यांचे सादरीकरण चालू असताना मध्येच संगीत बंद पडले. दोघे थांबले नाहीत. उरलेला संपूर्ण कार्यक्रम त्यांनी संगीताविना, तोच ताल राखत पूर्ण केला आणि सुवर्ण जिंकले. एकत्र खेळण्याच्या पहिल्याच हंगामात असे करणे एकट्या रोदनिना यांच्या बळावर शक्य नव्हते. शिवाय त्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकावर स्मिर्नोवा आणि उलानोव हीच जोडी होती, म्हणजे जुन्या सहकाऱ्याला हरवताना नव्या सहकाऱ्याची पूर्ण कसोटी लागली.

१९७४ पासून तात्याना तारासोवा त्यांच्या प्रशिक्षक झाल्या. १९७५ मध्ये रोदनिना–झैत्सेव विवाहबद्ध झाले, १९७६ मध्ये इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकले आणि १९७९ चा हंगाम मुलाच्या जन्मामुळे सोडावा लागला. त्या वर्षी अमेरिकेचे ताई बाबिलोनिया आणि रँडी गार्डनर विश्वविजेते ठरले. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये ही टक्कर पाहण्यासाठी सारे उत्सुक होते, पण गार्डनर यांच्या दुखापतीमुळे अमेरिकन जोडीला माघार घ्यावी लागली. त्यामुळे तिसरे सुवर्ण सोपे ठरले असे काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही, कारण बाळंतपणानंतर साधारण वर्षभरात लिफ्ट आणि उड्यांसाठी शरीर पुन्हा त्या पातळीला आणणे हेच मोठे आव्हान होते. पदक स्वीकारताना त्यांच्या डोळ्यांतून ओघळलेले अश्रू त्या चित्रफितीत स्पष्ट दिसतात.

बर्फरेषा
दोघांचेही आभार. निवृत्तीनंतरचा भाग मात्र राहिला.

निरंजना
स्पर्धा सोडल्यावर त्या प्रशिक्षणाकडे वळल्या. झैत्सेव यांच्यापासून घटस्फोट घेऊन त्यांनी दुसरा विवाह केला, आणि १९९० मध्ये त्या अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लेक ॲरोहेड येथे गेल्या. त्यांच्या शिष्यांपैकी झेक प्रजासत्ताकाच्या राडका कोवार्झिकोवा आणि रेने नोवोत्नी यांनी १९९५ मध्ये विश्वविजेतेपद मिळवले; प्रशिक्षक म्हणून त्यांच्या कामाची याहून चांगली पावती नाही, असे मला वाटते.

पुढे त्या रशियाला परतल्या आणि २००७ मध्ये सत्ताधारी पक्षातर्फे ड्यूमावर, म्हणजे रशियन संसदेच्या कनिष्ठ सभागृहावर, निवडून आल्या. २०१४ च्या सोची ऑलिंपिकची ज्योत त्यांनी हॉकीचे गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक यांच्यासह प्रज्वलित केली. २०२२ मध्ये युक्रेन युद्धावरून युरोपीय संघाने ड्यूमाच्या ज्या सदस्यांवर निर्बंध लादले, त्यांत त्यांचेही नाव आहे. त्यांच्या राजकीय भूमिकेशी मी अजिबात सहमत नाही आणि त्यांच्याविषयी लिहिताना तो भाग गाळणे मला अप्रामाणिक वाटते. तरीही ब्रातिस्लावाची चित्रफीत मी आजही आदराने पाहते.