मोटारींविना दोन दिवस सायकल: बाथ की पीक डिस्ट्रिक्ट?

लेस्टरकर:

नमस्कार मंडळी,

मेअखेरच्या तीन दिवसांच्या सुट्टीत मंडळाचा सायकल गट बाहेर पडतो आहे. बारा जण आहेत. सर्वांत धाकटी मुलगी अकरा वर्षांची, दोघांकडे ई-बाइक, बाकीच्या साध्या हायब्रिड, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणाऱ्या सायकली. दिवसाला २५ ते ३० मैल झेपतील. अट एकच: मुलांना वाहत्या रस्त्यावर न्यायचे नाही. बाथ आणि डर्बीजवळचा डोंगराळ पीक डिस्ट्रिक्ट अशा दोन जागा मनात आहेत. नकाशावर नॅशनल सायकल नेटवर्कच्या, म्हणजे ब्रिटनभरच्या सायकलमार्गांच्या जाळ्याच्या, रेघा भरपूर दिसतात, पण खरोखर मोटारींपासून मोकळी वाट कोणती आणि नुसती पाटी लावलेला रस्ता कोणता, ते त्यावरून उमगत नाही. जागा, टायर आणि रेल्वेने सायकली नेणे, या तिन्हींबद्दल जाणकारांनी लिहावे.

ब्रिस्टॉलकर:

लेस्टरकर, तुमची शंका रास्त आहे. या जाळ्याचा निम्म्याहून जास्त भाग मोटारींच्याच रस्त्यांवरून जातो. निळ्या पाटीवर लाल पट्टीत आकडा दिसला, तर तुम्ही त्या मार्गावर आहात एवढेच समजायचे. आकडा कंसात असेल, तर तुम्ही त्या मार्गावर नाही, ही वाट पुढे त्याला जाऊन मिळते. फाट्यावर गट चुकतो तो बहुतेक वेळा या कंसाकडे लक्ष न गेल्यामुळे. जुना छापील नकाशाही घेऊ नका. २०२० मध्ये वर्दळीच्या रस्त्यांवरचे पुष्कळ तुकडे जाळ्यातून काढून टाकले आहेत.

माझे मत बाथला. ब्रिस्टॉल–बाथ रेल्वे पाथ १३ मैलांचा आहे. बंद पडलेल्या मिडलँड रेल्वेच्या मार्गावर १९७९ ते १९८६ या काळात तो तयार झाला. ज्या सायकलबॅग गटाने तो उभा केला, तीच पुढे सस्ट्रान्स संस्था झाली, म्हणजे देशभरच्या जाळ्याचे मूळ इथेच आहे. पूर्ण डांबरी, रुंद, चढ नावापुरता. स्टेपल हिलच्या बोगद्यात दिवे आहेत. बिटनजवळ जुन्या गाड्या चालवणारी छोटी रेल्वे वाटेला लागूनच धावते, मुले तिथे थांबणारच, तेवढा वेळ धरून ठेवा. आठवड्याच्या दिवशी सकाळी कामाला जाणारे सायकलस्वार इथे जोरात जातात, म्हणून शनिवारी सकाळी लवकर निघा.

बाथ आले की शहरात शिरायचे नाही. नदीकाठी ट्वर्टनच्या बाजूला मार्ग २४४, म्हणजे टू टनेल्स, सुरू होतो. सॉमरसेट अँड डॉर्सेट रेल्वे १९६६ मध्ये बंद झाली आणि तिचे बोगदे २०१३ मध्ये सायकलींसाठी उघडले. सुरुवातीचा चढ पन्नासास एक, म्हणजे पन्नास मीटर जाताना एक मीटर वर. दिसायला किरकोळ, पण १३ मैलांनंतर मुलांचे पाय तिथेच भरून येतात. तेव्हा बोगद्याच्या आधी थांबून खाऊन घ्या. पहिला डेव्हनशायर बोगदा ४०९ मीटरचा, दुसरा कूम डाउन १,६७२ मीटरचा. आत दिवे आहेत, पण मंद. भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो, म्हणून जॅकेट पॅनियरच्या, म्हणजे चाकाशेजारी लटकवायच्या पिशवीच्या, तळाशी न ठेवता वरच ठेवा. गडद काचांचा चष्मा तोंडाशीच काढायला लावा. उन्हातून आत शिरल्यावर पहिले अर्धे मिनिट काही दिसत नाही आणि पुढचा थांबला की मागचा त्याच्यावर आदळतो.

बोगदे संपले की मिडफर्ड. तिथून मार्ग २४ ने माँकटन कूम आणि डंडस जलसेतू. या पूर्ण फेरीत मोटारींचा म्हणावा असा हाच तुकडा, अरुंद गावरस्ता. मध्ये एक आखूड पण खडा चढ आहे. मुलांनी उतरून चालावे, दोन मोठ्यांनी पुढे-मागे राहावे. डंडसला केनेट अँड एव्हन कालवा लागतो आणि त्याच्या काठाने मार्ग ४ तुम्हाला बाथला परत आणतो. टू टनेल्सची ही फेरी १३ मैलांची, म्हणजे पहिल्या दिवसाचे २६ मैल झाले.

दुसऱ्या दिवशी कालव्यानेच पूर्वेला: ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन, ट्रोब्रिजची कड, मग डिव्हायझेस. तिथे केन हिलला कालवा २९ जलद्वारांच्या (लॉक) पायऱ्यांनी टेकडी चढून जातो आणि त्यांतली १६ एका रांगेत दिसतात. बाथपासून हे साधारण २१ मैल. डिव्हायझेसला रेल्वे स्टेशन नाही, हे विसरू नका. तिथून मागे फिरून ट्रोब्रिजला गाडी पकडायची, म्हणजे एकूण तीसेक मैल. कालवा पुढेही जातो, पण डिव्हायझेसनंतर मार्ग ४ काठ सोडून गावरस्त्यांवर येतो, कारण पुढची काठाची वाट गवताळ आणि खडबडीत आहे. नकाशावर सलग निळी रेघ बघून पुढे जाऊ नका.

डर्बीकर:

ब्रिस्टॉलकर, मार्ग सुंदरच आहे. पण अकरा वर्षांच्या मुलीला दिवसभर पाण्याच्या काठाने नेणे मला पटत नाही. वाट काही ठिकाणी जेमतेम दोन सायकलींची, एका अंगाला नांगरलेल्या बोटी आणि त्यांचे खुंटे, आणि कमानी पुलांखाली समोरचे दिसत नाही. कालव्याच्या काठावर चालणाऱ्याचा हक्क आधी. पुलाजवळ घंटी दोनदा वाजवायची आणि मुलांनी पुलाखाली उतरायचेच. बारा जणांची रांग असेल, तर समोरून येणाऱ्याला जागाच उरत नाही. जाणार असाल, तर चार-चारचे गट करा आणि मध्ये शंभर मीटर ठेवा.

पीक डिस्ट्रिक्टमध्ये हा प्रश्न येत नाही. ॲशबोर्न गावापासून ‘पार्सली हे’ नावाच्या ठिकाणापर्यंतचा टिसिंग्टन ट्रेल १३ मैल, सगळा जुन्या रेल्वेच्या भरावावर. जाऊन-येऊन २६ मैल, तुमच्या हिशेबात बसतात. सुरुवात ॲशबोर्नहूनच करा. त्या टोकापासून पार्सली हेपर्यंत जवळपास दोनशे मीटरचा चढ आहे, पण तो १३ मैलांत पसरलेला असल्यामुळे डोळ्यांना कळत नाही, पायांना कळतो. ताजेतवाने असताना चढावे, थकल्यावर उतार मिळतो. उलटी सुरुवात केली, तर जेवणानंतर हाच चढ उभा राहतो आणि मुले रडकुंडीला येतात.

या वाटा सपाट असतात हे खरे, पण पूल पाडलेला असेल तिथे नाही. ॲशबोर्नच्या थोडे उत्तरेला बेंटली ब्रूक ओढ्यावरचा रेल्वे पूल आता नाही. वाट एकदम खाली जाते आणि तशीच वर येते, शिवाय वर बारीक खडी. खाली उतरतानाच हलका गिअर टाकायला सांगा. चढावर जोर देत गिअर बदलला, की चेन उतरते.

दुसऱ्या दिवशी बेकवेलहून मॉन्साल ट्रेल, साडेआठ मैल, येऊन-जाऊन १७. रेल्वे १९६८ मध्ये थांबली, बोगदे २०११ मध्ये उघडले. हेडस्टोन बोगद्यातून बाहेर पडताच दरीवरचा पूल येतो, आणि सगळा इंग्लंड पाहून आलेला माणूसही तिथे सायकल टेकवतो. बोगद्यांतले दिवे दिवसापुरतेच असतात, संध्याकाळी बंद होतात. परतीला उशीर झाला, तर स्वतःचा दिवा हवाच.

टिसिंग्टन आणि मॉन्साल सायकलनेच जोडायचा मोह होईल. करू नका. बेकवेल खोऱ्यात आहे आणि पार्सली हे पठारावर. मधला चढ दोनशे मीटरहून जास्त, तोही मोटारींच्या रस्त्यावर. हाय पीक ट्रेलबद्दलही सावध राहा. पार्सली हे ते मिडलटन टॉप हा भाग छान आहे, पण त्यापुढे क्रॉमफर्डकडे उतरणारे मिडलटन आणि शीप पाश्चर हे उतार आठास एकच्या आसपास आहेत. तिथे पूर्वी इंजिने डबे चढवत नव्हती, वर बसवलेली वाफेची यंत्रे ते साखळदंडाने, पुढे लोखंडी दोराने ओढत. तिथे सायकल हातात धरूनच उतरवावी.

आता टायर. इथल्या वाटांवर चुनखडीची बारीक कच टाकलेली असते. कोरडी असताना आपल्याकडच्या मुरमासारखी घट्ट बसते. पाऊस पडला की तिची पांढरी लापशी होते. ती चेनवर वाळली, की सॅन्डपेपरसारखी चेन खाते, आणि रिम ब्रेक (चाकाची कड धरणारा) असेल तर ब्रेकचे रबर आणि रिम दोन्ही झिजतात. २८ मिलिमीटरचे टायर अशा वाटेत रुततात. ३५ ते ४० चे घाला, वजनाप्रमाणे ४५ ते ५५ पीएसआय हवा, मुलांच्या सायकलीत त्याहून कमी. चेनला दाट तेल नको, त्यावर कच चिकटते. पातळ तेल दर कडीला एक थेंब, दहा मिनिटे मुरू द्यायचे, मग फडक्याने वरचे पूर्ण पुसून काढायचे. संध्याकाळी चेन आणि ब्रेकवर साधे पाणी ओतून लापशी वाळण्याआधी काढावी. जोराचा पाइप मात्र चाकाच्या मधल्या हबवर मारू नये, पाणी बेअरिंगमध्ये जाते.

यॉर्ककर:

दोघांच्या वादात मी पडत नाही, एवढेच जोडतो.

पंक्चर बहुतेक काट्यांनी होतात, हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्नच्या. १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात पक्ष्यांच्या विणीसाठी शेताच्या कुंपणांची छाटणी बंद असते. सप्टेंबरपासून यंत्राने छाटतात आणि काटे वाटेवर पडतात. मे महिन्यात धोका त्यामुळे कमी. तरी पंक्चर झालेच, तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडके फिरवा. काटा फडक्याला अडकतो आणि बोट वाचते. काट्याचे टोक तुटून रबरातच राहते, ते चिमट्यानेच निघते. ते न काढता ट्यूब बदलली, तर पुढच्या मैलात तीही गेली. बारा सायकलींत चाकांचे दोन-तीन आकार आणि दोन प्रकारचे व्हॉल्व्ह नक्की असतील. ट्यूबा प्रत्येक आकाराच्या घ्या, पंप दोन्ही व्हॉल्व्हना चालणारा घ्या.

वाटेचे नियम: पिवळा बाण म्हणजे पायवाट, तिथे सायकल चालवण्याचा हक्क नाही. निळा बाण म्हणजे ब्राइडलवे, आपल्याकडच्या पाणंदीसारखी वाट. तिथे १९६८ च्या कायद्याने सायकलला परवानगी आहे, पण चालणारे आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची. घोड्यामागून घंटी वाजवू नका, घोडा बिचकतो. लांबूनच बोलून हाक द्या आणि स्वार सांगेल तेव्हा पुढे जा.

लेस्टरकर:

सर्वांचे मनापासून आभार. आता दोन प्रश्न. लेस्टरहून बारा सायकली रेल्वेने बाथकडे नेणे शक्य आहे का? आणि वाटेवरच्या फाटकांतून ई-बाइक निघतात का?

ब्रिस्टॉलकर:

एका गाडीने बारा सायकली जाणार नाहीत. बर्मिंगहॅमहून ब्रिस्टॉलकडे येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलींच्या जागा तीन-चारच असतात आणि आरक्षण लागते. इकडच्या बऱ्याच नव्या गाड्यांत सायकल पुढच्या चाकाने आकड्याला उभी टांगावी लागते. रुंद टायर आणि मडगार्ड त्या खाचेत नीट बसत नाहीत, आणि पंचवीस किलोची ई-बाइक एकट्याने उचलून टांगता येत नाही. रविवारी रुळांचे काम निघाले, तर बदली बसमध्ये सायकल घेत नाहीत. मोटारी घेऊन या. टो-बारच्या, म्हणजे मोटारीमागच्या ओढणीच्या दांड्यावर बसणाऱ्या, रॅकला वजनाची मर्यादा असते, ती पुस्तिकेत पाहा. बॅटऱ्या काढून मोटारीत ठेवा. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले गेले, तर रॅकवर दिव्यांसह दुसरी प्लेट लावणे बंधनकारक आहे.

फाटकांबद्दल: ए आकाराच्या लोखंडी अडसरात रुंद हँडल आणि भरलेल्या पॅनियर अडकतात. रांगेतल्या पहिल्याने उतरून पिशव्या काढायच्या, मागच्याने सायकल पलीकडे द्यायची. एक लक्षात असू द्या, ई-बाइक चौदा वर्षांखालच्या मुलाने चालवणे इथे बेकायदा आहे, तेव्हा दमलेल्या मुलीला ती द्यायची सोय धरू नका.

डर्बीकर:

मग पीककडेच या. बेकवेललाही रेल्वे नाही, ॲशबोर्नलाही नाही, मोटारी आणायच्याच असतील तर लेस्टरहून हेच जवळ.

त्याआधी एक रविवार मार्केट हार्बरोच्या ब्रॅम्पटन व्हॅली वेवर घालवा. तुमच्या घराजवळ, नॉर्दॅम्प्टनपर्यंत १४ मैल. केल्मार्श आणि ऑक्सेंडन असे दोन बोगदे, दोन्हींत दिवे नाहीत आणि छतातून पाणी ठिबकते. प्रत्येकाकडे पुढचा चांगला दिवा आहे का, ब्रेक ओल्यात धरतात का, कोणाचे सीट खाली घसरते, सगळे तिथे कळेल. सपाट वाटेवर उताराची विश्रांती नसते, सलग पॅडल मारल्याने सीटचा त्रास लवकर जाणवतो, म्हणून दर तीन-चार मैलांना सगळ्यांना उतरवा. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. गावातले कॅफे दुपारी चारला बंद होतात.