उत्तर: शवपेटीतलं पुस्तक कुठलं?

सातव्या शतकातला इंग्लंडमधला ख्रिस्ती संत कथबर्ट, त्याच्या शवपेटीत 'लिंडिस्फार्न गॉस्पेल्स' हे पुस्तक सापडलं, असा एक दावा आहे. तसं नाही, ही दोन वेगळी पुस्तकं आहेत. पेटीत निघालं ते फक्त योहानाचं शुभवर्तमान (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक), जेमतेम १४ बाय ९ सेंटिमीटरचं, तळहातावर मावेल एवढं. वर बकऱ्याचं लाल कातडं, आणि बांधणी मूळचीच. ब्रिटिश लायब्ररीने ते २०१२ मध्ये ९० लाख पौंडांना घेतलं. 'लिंडिस्फार्न' मात्र चारही शुभवर्तमानांचा जाडजूड, रंगीत ग्रंथ. घोटाळा होतो तो दोन्हींशी कथबर्टचं नाव जोडलेलं असल्यामुळे.

कथबर्ट ६८५ मध्ये बिशप झाला आणि २० मार्च ६८७ रोजी इनर फार्न बेटावर वारला. अकरा वर्षांनी, ६९८ मध्ये, लिंडिस्फार्न बेटावरचं त्याचं थडगं उघडलं तर देह कुजलेला नव्हता म्हणे. संतपणाची ख्याती तिथून वाढली. व्हायकिंगांच्या धास्तीने ८७५ मध्ये भिक्षू त्याची ओकची शवपेटी घेऊनच लिंडिस्फार्नवरून निघाले. ९९५ मध्ये ती डरहॅमला पोचली. छोटं पुस्तक हाती लागलं ते ११०४ मध्ये, नव्या कॅथीड्रलमध्ये देह हलवताना.

सोन्याचा, गार्नेट (लाल रत्नं) जडवलेला छातीवरचा क्रूस मात्र १८२७ मध्ये मिळाला, सांगाड्यावरच्या वस्त्रांच्या घड्यांत.