घराबाहेर न जाणाऱ्या पिल्लाला जंत कुठून होतात?

बी-२०४ : सर्वांना नमस्कार. मोंढ्यातील एका धान्याच्या दुकानातून आणलेले मांजरीचे पिल्लू आमच्याकडे आहे आणि त्याला आता दोन महिने होत आले आहेत. ते पूर्णपणे घरातच असते, गॅलरीलाही जाळी आहे. तरीही त्याचे पोट टम्म दिसते, केस राठ झाले आहेत आणि पोटभर खाऊनही ते अंग धरत नाही. उंबरठा न ओलांडलेल्या पिल्लाला जंत होऊ शकतात का? आमच्या चार वर्षांच्या मुलीला ते सतत मांडीवर हवे असते, म्हणून काळजी अधिक वाटते.

ए-१०१ : वहिनी, १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनी अंगणवाडीत मुलांना जी अल्बेंडाझोलची गोळी देतात, तिचा चतकोर तुकडा दुधातून देऊन पाहावा. औषध शेवटी जंताचेच आहे.

सी-३०३ : आमच्याकडे लसणाचा रस देत असत.

ए-००२ : वहिनी, मी पशुसंवर्धन विभागातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पिल्लू बाहेर गेले नसले तरी त्याची आई मोंढ्यात उंदीर खाऊन राहणारी आहे. उंदरांमधून तिच्या शरीरात गेलेल्या गोल जंतांच्या अळ्या दुधावाटे पिल्लांपर्यंत पोहोचतात, त्यामुळे पिल्लू आपल्या घरी येण्यापूर्वीच जंत घेऊन आलेले असू शकते. पुढेही चपलांना लागलेल्या मातीतून अंडी घरात येतात आणि झुरळ किंवा पाल खाल्ल्यानेही लागण होते. शौचातून किंवा उलटीतून शेवयांसारखे पांढरे जंत पडल्यास शंका उरत नाही, परंतु ते दिसले नाहीत म्हणून पोट स्वच्छ आहे असेही समजू नये.

ए-१०१ यांनी सुचवलेली गोळी कृपया देऊ नका. ती माणसाच्या मुलासाठी आहे, आणि अल्बेंडाझोलमुळे मांजरांच्या अस्थिमज्जेवर दुष्परिणाम होऊन रक्तपेशी कमी होऊ शकतात. एक किलोही न भरणाऱ्या जिवाला अंदाजाने तोडलेला तुकडा देणे मला योग्य वाटत नाही. लसूण तर मांजरांना विषारीच आहे, कारण त्याने तांबड्या पेशी फुटतात; कांद्याचेही तसेच.

लहान पिल्लांसाठी पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल वापरतात आणि मात्रा वजनावर ठरते. साधारणपणे तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी दोन महिन्यांपर्यंत, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि त्यापुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे औषध द्यावे लागते. एकाच मात्रेवर थांबता येत नाही, कारण औषधाने त्या वेळी आतड्यात असलेले जंत मरतात, परंतु शरीरात इतरत्र फिरणाऱ्या अळ्या वाचतात आणि काही दिवसांनी आतड्यात येऊन मोठ्या होतात.

बी-२०४ : काका, मनापासून आभार. त्याच्या शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे काहीतरी चिकटलेले काल दिसले होते. तेही हेच जंत का?

ए-००२ : नाही, ते चपट्या जंताचे तुकडे असावेत. ते पिसवांमुळे होतात. अंग चाटताना पिल्लू पिसू गिळते आणि लागण होते. त्यावर पायरँटेलचा उपयोग होत नाही, प्राझिक्वांटेल लागते, म्हणून डॉक्टरांना ही खूण आवर्जून सांगा. पिसवांचा बंदोबस्त झाला नाही तर हे जंत पुन्हा होतील. मात्र कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला चुकूनही लावू नका, त्याने जीव जाऊ शकतो.

सी-३०३ : आणि मुलीचे काय, काका?

ए-००२ : पिल्लाला तिच्यापासून तोडण्याची गरज नाही. गोल जंतांची अंडी विष्ठेतून पडल्यावर लगेच संसर्गक्षम होत नाहीत, त्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून मातीचा ट्रे रोज मोठ्या माणसानेच साफ करावा आणि मुलीने जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. दुर्लक्ष मात्र करू नये, कारण ही अंडी मुलांच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही जाऊ शकतात.

उद्या सकाळी स्वयंपाकघरातील काट्यावर टोपलीसह पिल्लाचे वजन करा, टोपलीचे वजन वजा करा आणि ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात दाखवा. गोळी कडू लागल्याने पिल्लाच्या तोंडाला थोडा फेस येतो, त्याने घाबरू नका.

बी-२०४ : उद्या सकाळीच नेते. गोळी देताना कोणी धरायला येईल का?

ए-१०१ : मी येतो, वहिनी. जाड टॉवेल काढून ठेवा.