नेटवर्कचा इशारा पाठवताना पोच मागावी की नाही?

तांबडा दिवा (धागाकर्ता)
नेटवर्कवरील स्विच किंवा राउटरमध्ये काही बिघडले की त्यातला एसएनएमपी (नेटवर्कवर देखरेख ठेवण्याचा नियमसंच) एजंट, म्हणजे उपकरणातला छोटा प्रोग्राम, नोंदवलेल्या प्रत्येक ग्राहकाला, म्हणजे देखरेख करणाऱ्या सर्व्हरला, इशारा पाठवतो. १९८८ सालच्या आरएफसी १०६७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज) पासून यासाठी ट्रॅप, म्हणजे पोच न मागणारा संदेश, वापरला जातो. तो यूडीपीवरून, म्हणजे पोहोचण्याची हमी नसलेल्या पद्धतीने, १६२ क्रमांकाच्या पोर्टवर जातो आणि वाटेत हरवला तर पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पुढे एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत इन्फॉर्म हा संदेश आला. त्यात ग्राहकाने पोच द्यावी लागते आणि ती न मिळाल्यास एजंट तोच संदेश पुन्हा पाठवतो. माझे मत असे की नव्या एजंटमध्ये महत्त्वाच्या इशाऱ्यांसाठी ट्रॅप वापरूच नये. 'लिंकडाउन' (जोडणी तुटली) हा इशारा नेमका त्या क्षणी निघतो, ज्या क्षणी मार्ग तुटलेला असतो आणि राउटर पर्यायी मार्ग शोधत असतात. ज्या संदेशाचे कामच बिघाड कळवणे आहे, तो बिघाडातच गडप होतो आणि तरीही आपण त्याच्यावर विसंबून राहतो, हे मला पटत नाही.

रात्रपाळी
आपल्या मताशी मी असहमत आहे. एक तर पोच मिळेपर्यंत प्रत्येक इन्फॉर्म एजंटला मेमरीत धरून ठेवावा लागतो. एखादी मुख्य फायबर तुटून शेकडो इशारे एकदम निघतात, तेव्हा लहान स्विचला हे ओझे नको त्या वेळी पडते. शिवाय पुन्हा पाठवल्याने संदेश पोहोचतोच, हे गृहीतकही तपासून पाहण्यासारखे आहे. वीज परत आल्यावर स्विच 'कोल्डस्टार्ट' (नव्याने सुरू झालो) हा इशारा पाठवतो. जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये वर्तुळाकार मार्ग होऊ न देणारी यंत्रणा) चालू असेल, तर ऐकण्याच्या आणि शिकण्याच्या टप्प्यांत प्रत्येकी १५ सेकंद जातात, म्हणजे अपलिंक (मुख्य नेटवर्ककडे जाणारे) पोर्ट ३० सेकंद कोणतीही वाहतूक पुढे जाऊ देत नाही. नेट-एसएनएमपी या एसएनएमपी सॉफ्टवेअरच्या आज्ञांमध्ये पोचेची वाट पाहण्याची मूळ मुदत १ सेकंदाची आणि पुनःप्रयत्न ५ आहेत. सहा सेकंदांत सगळे प्रयत्न संपतात आणि पोर्ट उघडायला अजून बराच अवकाश असतो. अशा वेळी ट्रॅप आणि इन्फॉर्म दोघांचीही गत एकच होते.

तांबडा दिवा
मुदत आणि पुनःप्रयत्न वाढवता येतात. मूळ मूल्ये तशीच ठेवून साधनाला दोष देणे योग्य नव्हे. मेमरीचा मुद्दा मान्य आहे, पण त्यावर उपाय म्हणजे महत्त्वाचे इशारे मोजकेच ठेवणे. प्रत्येक खोलीतल्या प्रिंटरचे पोर्ट बंद पडल्याची बातमी कोणालाही नको असते.

कोड वाचणारा
आपण दोघेही हा निर्णय एजंट लिहिणाऱ्याच्या हातात आहे असे धरून बोलत आहात. नेट-एसएनएमपीत प्रोग्राम 'सेंड_व्ही२ट्रॅप' या फंक्शनला हाक मारतो आणि त्याला फक्त चलांची (इशाऱ्यासोबत जाणाऱ्या मूल्यांची) यादी देतो. ते फंक्शन नोंदलेल्या सर्व ठिकाणी इशारा रवाना करते आणि स्वतः काहीच परत करत नाही. एखाद्या ग्राहकाला ट्रॅप जावा की इन्फॉर्म, हे प्रशासकाने 'एसएनएमपीडी.कॉन्फ' या सेटिंगच्या फाइलमध्ये 'ट्रॅप२सिंक' लिहिले की 'इन्फॉर्मसिंक' यावर ठरते. त्यामुळे कोडमध्ये ट्रॅप वापरूच नये, हा आग्रह मला गैरलागू वाटतो. प्रोग्रामरच्या हाती उरते ते एवढेच की इशाऱ्यात पुरेशी माहिती भरावी. नुसते 'पोर्ट बंद' असे न कळवता पोर्टचा क्रमांक आणि त्याची प्रशासकीय व प्रत्यक्ष स्थिती पाठवली, तर पोर्ट कोणी मुद्दाम बंद केला की तो पडला, हे ग्राहकाला पुन्हा विचारावे लागत नाही.

तिसरी आवृत्ती
प्रशासकाच्या हाती आहे म्हणून ते सोपे आहे असे कृपया समजू नये. एसएनएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीत ट्रॅपसाठी अधिकृत इंजिन (ज्याच्या ओळखीवर सुरक्षेची तपासणी होते ते) पाठवणाऱ्याचे असते, तर इन्फॉर्मसाठी स्वीकारणाऱ्याचे. म्हणजे ट्रॅप स्वीकारायचे असतील तर सर्व्हरवर प्रत्येक उपकरणाचा इंजिन आयडी देऊन वापरकर्ता तयार करावा लागतो. बहुतेकांची गाडी इथेच अडते, आणि मग वैतागून दुसऱ्या आवृत्तीचा उघडा, म्हणजे न लपवता जाणारा, कम्युनिटी शब्द (एक प्रकारचा पासवर्ड) वापरला जातो. या एका बाबतीत इन्फॉर्म खरोखरच सोयीचा आहे.

रात्रपाळी
आणि पोच वाटेत हरवली तर तोच इशारा दोनदा येतो, तेव्हा दुबार नोंदी गाळण्याचे काम सर्व्हरवर येते. माझा मूळ आक्षेप मात्र वेगळा आहे. ही पोच स्वीकारणारा प्रोग्राम देतो, माणूस नव्हे. पोच मिळाल्याबरोबर एजंट निर्धास्त होतो आणि इशारा कोणी वाचला की नाही, हा प्रश्न तिथेच राहतो. मी तर दर काही मिनिटांनी स्वतः विचारपूस करणाऱ्या सर्व्हरवरच विश्वास ठेवतो.

तांबडा दिवा
पाच मिनिटांनी विचारपूस करणाऱ्या सर्व्हरला मधल्या वेळेत तीनदा पडून पुन्हा उठलेले पोर्ट दिसणार कसे? 'इफलास्टचेंज' मधून शेवटचा बदल कधी झाला ते कळते. बदल किती झाले, ते कळत नाही.

कोड वाचणारा
त्यासाठी नोंदवही आहे. २००० सालच्या आरएफसी ३०१४ नुसार एजंट आपण काढलेले इशारे चढत्या क्रमांकाने नोंदवून ठेवू शकतो. सर्व्हरने आपण शेवटी वाचलेल्या क्रमांकापासून पुढे वाचायचे, म्हणजे हरवलेला ट्रॅपही उशिरा का होईना हाती लागतो. ही कल्पना जुनीच आहे. इशाऱ्यांची नोंद ठेवून ती सर्व्हरने मागून घ्यावी, असे १९९१ सालच्या आरएफसी १२२४ मध्येही सुचवले होते. एवढी जुनी आणि स्वस्त सोय असताना लोक ती चालू करत नाहीत, याचे मला नवल वाटते.

तांबडा दिवा
ही नोंदवही मेमरीत असेल, तर उपकरण पुन्हा सुरू होताच कोरी होते, आणि सर्वांत मोलाच्या नोंदी त्याआधीच्या काही सेकंदांतल्याच असतात. त्या नोंदी बाहेर पडायच्या असतील तर त्या आधीच पाठवलेल्या असाव्या लागतात, म्हणून मुदत वाढवलेल्या इन्फॉर्मचा आग्रह मी सोडत नाही. नोंदवही त्याच्या जोडीला जरूर असावी. 'सिसअपटाइम' (सुरू झाल्यापासूनच्या वेळेचा आकडा) मागे गेला की सर्व्हरने ती पहिल्या क्रमांकापासून वाचावी. फक्त ४९७ दिवसांनी तो आकडा आपोआप शून्यावर येतो, तेव्हा उपकरण खरोखर बंद पडले होते का, हे वेगळे तपासावे.