म्युटेशन निघालं म्हणजे संपलं, असं नाही
गुहागरच्या दादांनी वर विचारलंय, "मामांना एएमएल (वेगाने वाढणारा रक्ताचा कॅन्सर) आहे, रिपोर्टात म्युटेशन निघालंय, आता आशा सोडायची का?" अहो, कुठलं म्युटेशन, म्हणजे कुठल्या जनुकातला बदल, ते आधी बघा! सगळी एका माळेचे मणी नसतात.

तुम्ही टाकलेल्या फोटोत 'एनपीएम१ पॉझिटिव्ह, एफएलटी३-आयटीडी निगेटिव्ह' असं दिसतंय, म्हणजे पहिल्या जनुकात बदल आहे, दुसऱ्यातला नाही. क्रोमोसोमच्या तपासणीत काही वाईट नसेल, तर ही जोडी चांगल्या गटात, म्हणजे उपचाराला दाद देणाऱ्यांत, धरतात. शिवाय केमोनंतर एनपीएम१चा अंश उरलाय का, हे पीसीआर या जनुक-तपासणीने मोजता येतं. बोन मॅरो ट्रान्सप्लांट लगेच हवं की थांबता येईल, हे बरंचसं त्या आकड्यावर ठरतं, म्हणून ती तपासणी मागून घ्या. एफएलटी३-आयटीडी असतं तर २०२२च्या युरोपियन वर्गीकरणात मधला गट, आणि त्यावर मिडोस्टॉरिनसारखं औषध आहे. खरा चिवट तो टीपी५३ जनुकातला बदल.

मामांचं वय लिहिलं नाहीत. सत्तरीत हाच रिपोर्ट जरा हात राखून, म्हणजे फार आशा न धरता, वाचतात.

आणि केमो मुंबईला असेल तर मधल्या काळात घरी आणायची घाई नको. प्लेटलेट घसरलेल्या असताना ताप आला आणि नेमकी मुंबईच्या वाटेवर परशुराम घाटात दरड पडली, तर काय करणार? राहायला मुंबईजवळ खारघरकडे कुणी नातेवाईक आहे का बघा.